मैदानावरचा वडीलधारा

वाशीम जिल्ह्यात रिसोडकडे, मानोऱ्याकडे किंवा कारंज्याकडे जाणाऱ्या कोणत्याही सडकेवर हिवाळ्यातल्या पहाटे, तांबडे फुटण्याच्याही आधी निघावे, म्हणजे अंधारात रस्त्याच्या कडेने धावत असलेले तरुणांचे घोळके दृष्टीस पडतात. कोणाच्या पायांत स्वस्तातले बूट, कोणाच्या पायांत तेही नाहीत, आणि वेळ मोजण्यासाठी त्यांच्यातलाच एखादा सोबती हातात मोबाईल धरून रस्त्याकडेच्या दगडापाशी उभा. ही मंडळी कोणत्याही स्पर्धेसाठी धावत नाहीत. ती ‘भरती’साठी धावतात. पोलीस शिपायाच्या मैदानी परीक्षेला ५० गुण असतात. पुरुषांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटर धावण्याचे १५ आणि गोळाफेकीचे १५, तर मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. हा हिशेब, ज्याला शाळेतले बीजगणित कधी वश झाले नाही, अशा मुलालाही मुखोद्गत असतो. तात्पर्य, मैदान आणि विपन्नावस्था यांची गाठ या जिल्ह्यात कोणा समाजसुधारकाने घातलेली नाही, ती गरजेनेच पडली आहे. प्रश्न आहे तो एवढाच, की या धावणाऱ्यांच्या सोबत, त्यांच्याहून दहावीस पावसाळे अधिक पाहिलेला असा कोणी माणूस आहे की नाही. आणि प्रस्तुत प्रकरणाचा विषय तो माणूस हाच आहे.

हा मुलूख मूळचा नगण्य नव्हे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी जे वत्सगुल्म, ते हेच वाशीम, अकबराच्या काळच्या ‘ऐन-ई-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये बासीम हे एक सरकार म्हणून नोंदलेले आहे, इंग्रजी अंमलात बासीम हा वऱ्हाडातील एक स्वतंत्र जिल्हा होता, तो १९०५ साली मोडून अकोल्यात सामील करण्यात आला, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे त्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख असून, पाचांपैकी चार माणसे खेड्यांत राहतात. शेती बहुतांशी आभाळाच्या हवाली. सोयाबीन, तूर आणि कापूस ही तिची मुख्य पिके. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी विदर्भ हादरला, तेव्हा २००६ साली ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी साहाय्याची योजना जाहीर केली, त्यांत वाशीमचे नाव होते. आणि २०१८ साली नीती आयोगाने देशातील मागे राहिलेले म्हणून जे ‘आकांक्षित’ जिल्हे निवडले, त्यांतील महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांमध्ये नंदुरबार, गडचिरोली व उस्मानाबाद यांच्या पंक्तीला वाशीम बसले. २००६ साली जी मुले पाळण्यात होती किंवा नुकती चालू लागली होती, तीच आज या सडकांवर धावत आहेत, ही गोष्ट आकड्यांच्या गर्दीत विसरली जाऊ नये.

त्यातही तांड्यांची स्थिती निराळी. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. देशभरातून लोक तेथे येतात. परंतु त्याच परिसरातील तांड्यांतून दसरा-दिवाळी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुण्या-मुंबईकडच्या बांधकामांवर निघून जातात, आणि त्यांच्यासोबत शाळेच्या हजेरीपटावरील नावेही जातात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या भटक्या समाजांवर जन्मजात संशयाचा शिक्का मारला, तो कायदा १९५२ साली रद्द झाला आणि ते समाज ‘विमुक्त’ म्हणविले गेले. तथापि कागदावरचा शिक्का पुसण्यास एक दिवस पुरतो आणि माणसाच्या मनावरचा पुसण्यास पिढ्या लागतात. ज्या मुलाकडे गावाने कायम साशंक नजरेने पाहिले आहे, त्या मुलाला प्रथम हवा असतो तो त्याच्याकडे निःशंक नजरेने पाहणारा एक तरी वडीलधारा मनुष्य.

वंचित मुलांना खेळाच्या द्वारे सावरण्याचे जे प्रयोग जगात झाले, त्यांचे वर्णन करणारे लेखक सहसा खेळाचेच गुणगान करतात. खेळाने शिस्त येते, संघभावना जागते, पराभव पचविण्याची शक्ती येते, हे सारे खरेच आहे. पण हे अर्धे सत्य आहे, आणि अर्ध्या सत्यावर उभारलेल्या योजनांची गत काय होते, ते कुलुपबंद क्रीडासंकुले आणि गंजलेली व्यायामसाधने पाहिली म्हणजे कळते. चेंडू मुलाला मैदानावर आणतो. परंतु त्याला तेथे टिकविणारा, दोन दिवस तो दिसला नाही तर त्याच्या घरी जाऊन चौकशी करणारा, आणि मैदानाबाहेरच्या त्याच्या बावीस तासांची वास्तपुस्त करणारा जो असतो, तो माणूस असतो. खेळ हे त्या माणसाला मुलाच्या आयुष्यात प्रवेश मिळवून देणारे निमित्त होय. ज्या मुलाला उपदेशासाठी बोलाविले तर तो येणार नाही, मदतीसाठी बोलाविले तर त्याचा स्वाभिमान दुखावेल, तोच मुलगा कबड्डीच्या डावासाठी बोलाविले की आपण होऊन धावत येतो. हा त्या निमित्ताचा सगळा महिमा.

वऱ्हाडाला ही कल्पना परकी नाही. तालमीतला वस्ताद हा आपल्याकडील अशा नात्याचा जुना आणि खणखणीत नमुना आहे. पट्ठ्याला डाव शिकविणे हे त्याचे काम खरेच, पण पट्ठा काय खातो, कोणाच्या संगतीत बसतो, रात्री किती वाजता निजतो, तोंडी कोणती भाषा येते, हेही वस्तादाच्या अखत्यारीत येत असे, आणि आईबापही ते निमूटपणे मान्य करीत. याच परंपरेतून १९१४ साली अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी जी संस्था काढली, ती पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने सर्वत्र विख्यात झाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली, ही गोष्ट वऱ्हाडी माणूस आजही अभिमानाने सांगतो. परंतु माझ्या मते मंडळाचे याहून मोठे कार्य असे, की शारीरिक शिक्षण देणाऱ्या शिक्षकांच्या पिढ्याच त्याने तयार केल्या आणि त्या वऱ्हाडातल्या शाळाशाळांतून पसरल्या. खेड्यातल्या हायस्कुलात ‘पीटीचे सर’ या नावाने जो ओळखला जातो, ज्याची शिटी ऐकून उनाडातला उनाड पोरगा सरळ उभा राहतो आणि ज्याच्यापाशी तोच पोरगा एकांतात घरची रड सांगतो, तो शिक्षक वस्तादाचा सरळ वारस होय. अलीकडे अनेक शाळांत हे पद रिकामे राहते, किंवा त्याचा तास गणिताला नाही तर इंग्रजीला देण्यात येतो. यात आपण काय गमावले, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

आता या विषयातले आपल्या प्रांतातले सर्वांत बोलके उदाहरण घेऊ. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात विजय बारसे हे क्रीडाशिक्षक होते. २००१ सालच्या पावसाळ्यातल्या एका दिवशी, भर पावसात, जवळच्या झोपडपट्टीतील काही मुले चिखलात एक फुटकी बादली पायांनी तुडवीत, ढकलीत खेळताना त्यांना दिसली. असे दृश्य पाहणारे त्या रस्त्यावर त्या दिवशी कितीतरी लोक असतील. बारशांनी जे निराळे केले ते इतकेच, की त्यांनी त्या मुलांना फुटबॉल दिला आणि पुढेही त्यांच्याकडे लक्ष ठेवले. जेवढा वेळ ही मुले चेंडूमागे असतात, तेवढा वेळ ती व्यसनापासून, जुगारापासून आणि मारामारीपासून दूर असतात, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे त्यांनी केवळ झोपडपट्ट्यांतील संघांसाठी सामने भरविले आणि त्यांत शंभराहून अधिक संघ उतरले. हा प्रतिसाद कोणा जाहिरातदाराने निर्माण केलेला नव्हता. खेळण्याची भूक होतीच, तिला कोणी विचारले नव्हते इतकेच. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली पुंजी बारशांनी नागपूरलगतच्या बोखारा येथे जमीन घेण्यात घातली. त्यांचे पुत्र अभिजित हे परदेशातील शिक्षणानंतर परत येऊन याच कामात पडले, आणि ‘स्लम सॉकर’ या नावाने हे कार्य नागपूरच्या बाहेर पसरले. २०१६ साली आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, आपला विविधता पुरस्कार या संस्थेस दिला, आणि २०२२ साली नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ या चित्रपटाने बारशांची कथा घरोघर नेली.

चित्रपटात सामने ठळक दिसतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु या संस्थेची खरी रचना सामन्यांत नाही. अखिलेश पॉल या खेळाडूने आपली जीवनकथा स्वतः जाहीरपणे सांगितली आहे. कुमारवयातच व्यसन आणि गुन्हेगारी यांच्या वाटेला तो लागला होता, पोलिसांना चुकवीत दडून राहण्याची पाळी त्याच्यावर आली होती, आणि अशाच दिवसांत ही खेळणारी मुले व त्यांचा प्रशिक्षक त्याच्या दृष्टीस पडले. तोच अखिलेश २०१० साली रिओ दि जानेरो येथे बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेत भारतीय संघाचा नायक म्हणून उतरला, आणि त्यानंतर आपल्यासारख्याच मुलांचा प्रशिक्षक झाला. या कथेतील विश्वचषकापेक्षा मला अखेरचा भाग अधिक मोलाचा वाटतो. कारण ज्याला हात दिला त्यानेच पुढच्याला हात द्यावा, अशी साखळी जेथे तयार होते तेथे संस्था एका व्यक्तीच्या हयातीवर अवलंबून राहत नाही. मुंबईत १९९९ साली मॅथ्यू स्पेसी यांनी सुरू केलेल्या ‘मॅजिक बस’ या संस्थेनेही हाच मार्ग धरला. वस्तीतल्या मुलांना खेळविण्यास त्याच वस्तीतला थोडा मोठा तरुण तयार करावयाचा, म्हणजे तो संध्याकाळी मोटारीत बसून आपल्या गावी निघून जात नाही.

बेघरांच्या विश्वचषकाचा उल्लेख आला आहे, तर त्याच्या एका नियमाकडे वाचकाचे लक्ष वेधल्याशिवाय पुढे जाववत नाही. ही स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ या शहरी प्रथम भरली. तीत प्रत्येक बाजूने चारच खेळाडू असतात, सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा असतो, आणि कोणताही खेळाडू आयुष्यात एकदाच तीत भाग घेऊ शकतो. कोणत्याही अन्य विश्वचषकाच्या दृष्टीने हा नियम वेडगळ ठरेल, कारण उत्तम खेळाडूला पुन्हा न खेळविणे म्हणजे जिंकण्याची शक्यता आपल्या हाताने कमी करणे. परंतु संयोजकांना खेळाडू टिकवावयाचे नाहीत. माणूस आपल्या दुरवस्थेतून बाहेर पडून पुढे जावा आणि त्याची जागा दुसऱ्याला मिळावी, हे त्यांना साधावयाचे आहे. खेळाच्या द्वारे उद्धाराची भाषा बोलणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या घटनेत या नियमाचे मर्म उतरवून घ्यावे, असे मला मनापासून वाटते; पदकांच्या मोहात पडून चार गुणी मुलांभोवती सारा खर्च आणि सारी माया केंद्रित करणे, आणि उरलेली चाळीस मुले कुंपणाबाहेर उभी राहणे, हा या क्षेत्रातला नित्याचा अपघात आहे.

वडीलधाऱ्या मनुष्याचे हे महत्त्व केवळ भावनेने सांगितले जाते असे नाही. हवाई बेटांपैकी कौआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा मागोवा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ विदुषीने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके घेतला. दारिद्र्य, गृहकलह, पालकांचे व्यसन किंवा मनोविकार अशा अनेक आपत्ती ज्यांच्या वाट्याला एकदम आल्या, त्या मुलांपैकीही सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, सुस्थिर, इतरांची काळजी वाहणारी अशी माणसे झाली. आणि त्यांच्या आयुष्यात वारंवार आढळलेली एक गोष्ट म्हणजे आईबापांखेरीज निदान एका प्रौढ व्यक्तीशी जडलेला विश्वासाचा संबंध. ती व्यक्ती आजी असेल, शेजारी असेल, शिक्षक असेल; पण ती होती.

तथापि याच शास्त्राने दोन गंभीर इशारेही दिले आहेत, आणि उत्साही मंडळींनी ते नीट ऐकले पाहिजेत. न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातील अर्नेस्ट कूल्टर या कारकुनाने १९०४ साली, अपराधी म्हणून समोर येणाऱ्या मुलांना एकेक भला नागरिक ‘मोठा भाऊ’ म्हणून जोडून देण्याची जी चळवळ आरंभिली, तिचा आज अमेरिकाभर विस्तार झाला आहे. त्या चळवळीतील जोड्यांचा अभ्यास जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. ज्या जोड्या वर्षभर किंवा अधिक टिकल्या, त्यांतील मुलांना सर्वाधिक लाभ झाला. परंतु ज्या तीन महिन्यांच्या आतच तुटल्या, त्यांतील मुलांचा आत्मसन्मान पूर्वीपेक्षाही खालावला. याचा अर्थ उघड आहे. ज्या मुलाला आधीच अनेकांनी सोडून दिलेले आहे, त्याच्या आयुष्यात उन्हाळी शिबिरापुरता शिरून निघून जाणारा मार्गदर्शक त्याचे कल्याण करीत नाही, त्याची जखम खोल करतो. दुसरा इशारा बॉस्टनजवळच्या केंब्रिज-सॉमरव्हिल येथील प्रयोगाचा. १९३९ साली सुरू झालेल्या या प्रयोगात ५०६ मुलगे होते, आणि त्यांच्यातल्या अर्ध्यांना सल्लागार, औषधोपचार, शिबिरे असे सर्व काही देण्यात आले. जोन मॅककॉर्ड या विदुषीने तीसहून अधिक वर्षांनी त्यांचा शोध घेतला, तेव्हा मदत मिळालेल्यांची स्थिती मदत न मिळालेल्यांहून काही बाबतींत वाईटच निघाली. आणि पुढील विश्लेषणात असे दिसले, की एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिरांना धाडलेल्या मुलांत हे विशेषकरून घडले होते. वांड मुलांना एकत्र जमवून त्यांच्यावर कोणाचीही मायेची आणि धाकाची नजर राहिली नाही, तर ती एकमेकांकडूनच शिकतात. वाशीमच्या सडकेवर वडीलधाऱ्यावाचून धावणारी पोरे पाहिली म्हणजे हा इशारा आठवतो. धावणे संपल्यावर ती कोणत्या टपरीवर, कोणाच्या संगतीत बसतात, हे जाणणारा त्यांच्यात कोणी नसतो.

मुलींचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे, कारण त्यांच्या बाबतीत मैदानापर्यंत पोहोचणे हीच पहिली लढाई असते. वाशीमप्रमाणेच आकांक्षित ठरलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील सारिका काळे हिचे उदाहरण येथे अत्यंत उद्बोधक आहे. खो-खो हा खेळ गरिबाचा मित्र. त्याला दोन खांब आणि मोकळी जमीन यांपलीकडे काही लागत नाही. घरात दिवसाकाठी एकवेळ जेवण मिळण्याची मारामार, अशा स्थितीत ही मुलगी खेळत राहिली. २०१६ साली तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने दक्षिण आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकले, आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. परंतु त्याच २०१६ साली घरच्या ओढगस्तीने ती इतकी खचली होती, की खेळ सोडून देण्याचा तिचा निश्चय झाला होता. तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी तिची समजूत घातली, तिला धीर दिला, आणि ती मैदानावर परतली. त्या दिवसांत तिला हवा होता तो हा धीर, खो-खोचा नवा डाव नव्हे. पुढे सारिका तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी झाली. तालुक्याच्या दप्तरात मुलींच्या खेळाची तजवीज करण्यासाठी अशी स्त्री बसते, तेव्हा तिला ‘मुलींच्या अडचणी’ या विषयावर परिपत्रक वाचावे लागत नाही.

वाशीमच्या खेड्यांत मुलगी आठवी-नववीत गेली, की तिचे मैदान बंद होते. कारणे सर्वांना ठाऊक आहेत: शाळेत स्वच्छतागृहाची अडचण, संध्याकाळी परतण्याची धास्ती, अंगावरच्या खेळाच्या कपड्यांविषयी चार लोकांचे बोलणे, आणि आईबाप ऊसतोडीला गेल्यावर धाकट्या भावंडांची जबाबदारी. याच वयात लग्नाचीही बोलणी सुरू होतात. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना गावातच ठेवून घेण्यासाठी शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. या योजनेला संध्याकाळच्या मैदानाची जोड दिली, आणि त्या मैदानावर गावातलीच एखादी पूर्वी खेळलेली सून किंवा शिक्षिका उभी राहिली, तर आजीपाशी मागे राहण्यास मुलीला एक सबळ कारण मिळेल. स्त्री प्रशिक्षक हा येथे शोभेचा भाग नव्हे. तिच्यावाचून बहुतेक घरांतून मुलगी बाहेर पडणारच नाही. तांड्यात अजूनही नायकाचा आणि कारभाऱ्याचा शब्द चालतो. मुलींना खेळू द्या, हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला तर शिक्षणखात्याच्या दहा सूचनांचे काम एका बैठकीत होते.

आता पुन्हा त्या भरतीच्या मुलांकडे वळू. भरतीचे मैदान ही या जिल्ह्यातील सर्वांत मोठी, सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत निर्दय क्रीडास्पर्धा आहे. शेकडो मुले वर्षानुवर्षे तीत उतरतात आणि थोड्यांची निवड होते; वयाची मर्यादा ओलांडली, की पहाटेचे धावणे एकदम थांबते आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा तो तरुण, हाती दुसरे कोणतेही कौशल्य नसता, बापाच्या चार एकरांवर परत येतो. त्याचे शरीर तयार असते, पहाटे उठण्याची सवय असते, सोसण्याची ताकद असते. नसतो तो, निवड न झाल्याचा अर्थ तू नालायक ठरलास असा नाही, हे त्याला अधिकाराने सांगणारा माणूस. त्यानेच पहिल्या वर्षापासून त्याच्या हाती दुसरीही एक विद्या पडावी, वायरमनचे काम असो, शारीरिक शिक्षणाची पदविका असो वा दुग्धव्यवसाय असो, याची काळजी घ्यावयास हवी होती. भरतीच्या खाजगी अकादम्या गावोगाव निघाल्या आहेत. त्यांतल्या काही चांगल्याही असतील, परंतु शुल्क भरणाऱ्याच्या निवडीपुरताच त्यांचा संबंध, निवड न झालेल्याच्या आयुष्याशी त्यांचा करार नाही.

येथेच एक संधीही दडलेली आहे. अग्निपथ योजनेखाली २०२२ च्या अखेरीस सैन्यात दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पुरी होतात, आणि योजनेप्रमाणे चौघांपैकी एकालाच पुढे कायम ठेवण्याची तरतूद आहे. अर्थात कमावलेल्या शरीराचे, शिस्तीचे, पंचविशीच्या आसपासचे तरुण गावी परतू लागतील. त्यांच्यातील ज्यांना मुलांची आवड आहे अशांना निवडून, बालमानसशास्त्राचे आणि प्रथमोपचाराचे प्राथमिक शिक्षण देऊन, पाच-सहा गावांच्या एका मैदानाचे वस्ताद म्हणून नेमले, तर जिल्ह्याला हवी ती माणसे जिल्ह्यातूनच मिळतील. ‘खेलो इंडिया’ योजनेतील केंद्रांत पूर्वीच्या खेळाडूंना प्रशिक्षक म्हणून मानधन देण्याची सोय आहेच. तेच तत्त्व पदकांच्या पलीकडे, सामान्य मुलापर्यंत न्यावयाचे आहे.

मात्र ज्याच्या हाती मूल सोपवावयाचे, त्याची पारख करण्यात हयगय चालणार नाही. विश्वासाचे हे नाते जितके तारक, तितकेच ते दुष्टाच्या हाती घातक ठरते. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध २०१२ चा कायदा आहे, पण कायदा गुन्हा घडल्यानंतर धावून येतो. त्याच्या आधीची खबरदारी मैदानानेच घ्यावी लागते. प्रशिक्षकाच्या पूर्वचरित्राची पोलीस ठाण्यामार्फत खातरजमा, मुलाशी बंद खोलीत एकट्याने भेट न घेण्याचा कडक नियम, मुक्कामी स्पर्धेला मुलींसोबत स्त्री प्रशिक्षक असल्याखेरीज संघ न पाठविणे, आणि तक्रार कोणाकडे करावयाची हे प्रत्येक मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगणे, या गोष्टींत भिडेला जागा नाही.

शासनाच्या दप्तरात खेळाची नोंद होते ती संकुलांच्या संख्येने, साहित्यवाटपाच्या पावत्यांनी आणि स्पर्धांच्या अहवालांनी. या नोंदी असाव्यात. पण त्यांच्या जोडीला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी आणखी एक साधी वही सुरू करावी. अमुक मैदानावर अमुक प्रशिक्षक सलग किती वर्षे आहे, त्याच्या हाताखालील मुलांपैकी किती जण शाळेत टिकून आहेत, आणि यावयाचे बंद झालेल्या किती मुलांच्या घरी तो स्वतः जाऊन आला, एवढेच तीत लिहावे. प्रशिक्षकाची नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर करून दरवर्षी त्याला उंबरठ्यावर उभे करण्याची जी रीत सर्वत्र पडली आहे, ती या कामाच्या मुळावर येणारी आहे. निदान पाच वर्षे तोच माणूस त्याच मैदानावर राहील अशी हमी आणि त्याच्या संसाराला पुरेल इतके वेतन, या दोन गोष्टी नव्या संकुलाच्या प्रेक्षागृहापेक्षा कितीतरी कमी खर्चाच्या आहेत.

आणि शासनाची वाट पाहण्याचेही सर्वांनाच कारण नाही. हे प्रकरण वाचणाऱ्यांत कोणी निवृत्त शिक्षक असतील, कोणी माजी सैनिक असतील, कधीकाळी जिल्ह्याच्या संघातून कबड्डी किंवा खो-खो खेळलेल्या कोणी ताई असतील. त्यांच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचे पटांगण संध्याकाळी पाचनंतर मोकळे असते. त्यांनी मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटून त्या पटांगणाची परवानगी घ्यावी, गावातील दहा मुले-मुली जमवावीत, आणि आरंभ करण्यापूर्वी, आपण निदान दोन वर्षे रोज तेथे येऊ शकू की नाही, याचा मनाशी पक्का निर्णय करावा. तो होत असेल तरच आरंभ करावा.